छत्तीसचा आकडा

ग्वाल्हेरात दोन माणसं भेटली की आधी तब्येतीची चौकशी होते, मग पोराबाळांच्या लग्नांची, आणि मग आवाज थोडा खाली आणून खरा प्रश्न येतो, "कितना देती है?" कोण देते, ते सांगावं लागत नाही. गाडी एका लिटरात किती किलोमीटर पळते, एवढंच त्या सभ्य गृहस्थाला जाणून घ्यायचं असतं. या प्रश्नाला कुणी खरं उत्तर दिल्याचं मी आजवर ऐकलेलं नाही. वय सांगताना माणूस जेवढा खाली उतरतो, तेवढाच ॲव्हरेज सांगताना वर चढतो. ज्याची गाडी चौदा देते तो अठरा सांगतो, ऐकणारा मनातल्या मनात त्याचे चौदा करून घेतो आणि आपली बावीस सांगतो. व्यवहार चोख. फसवलं कुणी कुणालाच नाही.

आम्ही लष्करातले मराठी. लष्कर म्हणजे फौज नव्हे. दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या पायथ्याशी पडली, ती उठायची राहून गेली आणि तिचंच शहर झालं. पराक्रम वगैरे पूर्वजांनी आटोपून घेतल्यामुळे आमच्या वाट्याला काटकसर तेवढी उरली. गाडीसुद्धा आम्ही मेळ्यातच घेतली. माधवराव शिंद्यांनी १९०५ साली सुरू केलेल्या या मेळ्यात गाडी घेतली की रोड टॅक्समध्ये निम्मी सूट मिळते, म्हणून लांबलांबची माणसं ती सूट जाहीर होईपर्यंत पैसे दाबून बसतात. सूट मिळते ती गाडीवर. पेट्रोलवर कुणी काही सोडत नाही. मध्य प्रदेशात पेट्रोलने लिटरला शंभरी कधीच ओलांडली, आणि शेजारच्या उत्तर प्रदेशात ते दहा-एक रुपयांनी स्वस्त. हे दुःख एखाद्या ग्वाल्हेरकराला झोपेतून उठवायला पुरेसं आहे.

आमच्या काकांनी त्यावर पहिला उपाय काढला. "झाशीला जाऊन टाकी फुल करून आणू."

मी कागद घेतला. पस्तीस लिटरच्या टाकीवर वाचणार साडेतीनशे रुपये. झाशी शंभर किलोमीटर. जाऊन-येऊन तेरा लिटर पेट्रोल, म्हणजे बाराशेच्या वर खर्च.

काका म्हणाले, "अरे, पण वाटेत दतिया लागतं. पीतांबरापीठाचं दर्शन फुकटात होतं, ते धर की त्यात!"

दर्शन कोणत्या रकान्यात धरायचं हे न ठरल्यामुळे ती योजना बारगळली. तेवढ्यात कुठूनसं कानावर आलं की टायरमध्ये हवा नीट असेल तर पेट्रोल कमी लागतं. घरात चैतन्य पसरलं. पेट्रोल महाग, सोनं महाग, डाळ महाग, पण हवा? हवा तर पंपावर फुकट मिळते. फुकट वस्तू भरून महाग वस्तू वाचवायची, यापेक्षा शुद्ध आनंद मराठी माणसासाठी देवाने निर्माण केलेला नाही.

प्रश्न एकच होता. भरायची किती पॉइंट?

काका म्हणाले, "अठ्ठावीस. ॲम्बॅसडरला मी हयातभर अठ्ठावीस भरली. उन्हाळ्यात तर सव्वीसच. इथं मे महिन्यात पंचेचाळीसच्या वर पारा जातो. आतली हवा फुगते. जागा नको तिला फुगायला?"

शेजारचे ओव्हरसियर साहेब बांधकाम खात्यातून निवृत्त झालेत. त्यांनी रस्ते बांधलेत, त्यामुळे त्यांच्या मताला वजन. ते गाडीपाशी उकिडवे बसले, चष्मा कपाळावर चढवला आणि टायरच्या कडेवरची बारीक अक्षरं बोटाने चाचपत वाचली. "चव्वेचाळीस! लिख्खा है साफ-साफ. छापनेवाला बेवकूफ है क्या?"

कंपू भागातला पंचरवाला तत्त्वज्ञ निघाला. "बाबूजी, सबमें पैंतीस. आज तक कोई लौट के नहीं आया." या वाक्याचे दोन अर्थ निघतात हे माझ्या लक्षात आलं, त्याच्या आलं नसावं.

पुण्याचा मेहुणा फोनवर म्हणाला, "छत्तीस. इकडे सगळे छत्तीसच ठेवतात." पुण्यात सगळे ठेवतात म्हटल्यावर प्रश्न मिटला, असं त्याला वाटत होतं. ही म्हणाली, "बत्तीस. मागच्या गाडीला बत्तीस होती ना? झालं तर."

म्हणजे अठ्ठावीसपासून चव्वेचाळीसपर्यंतचे सगळे आकडे घरातल्या घरात जमा झाले. आमच्याकडून जेमतेम वीस-बावीस किलोमीटरवर, आग्र्याच्या रस्त्यावर बानमोरला टायरचा मोठा कारखाना आहे. तिथे जाऊन विचारावं, असं एकाच्याही मनात आलं नाही. ज्याला माहीत आहे त्यालाच विचारायचं, मग चर्चेत राम तो काय?

बेलफास्टच्या डनलॉपने १८८८ साली पोराच्या तीनचाकी सायकलला हवा भरलेली रबरी नळी बसवली, तिथून ही भानगड सुरू झाली. डनलॉप धंद्याने गुरांचा डॉक्टर. त्याच्याही चाळीसेक वर्षं आधी थॉमसन नावाच्या एकाने असल्या चाकाचं पेटंट घेऊन ठेवलं होतं, पण तेव्हा जगाने त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. जगाला अक्कल होती. तोवर लष्करहून मुरारला जाणाऱ्या टांग्याची चाकं होती लाकडाची, वर लोखंडी धाव. कुठल्या टांगेवाल्याला गिऱ्हाइकाने "कितने पॉइंट?" विचारल्याची नोंद नाही. जयविलास महालात जेवणाच्या टेबलावर फिरणारी चांदीची आगगाडी आहे. पाहुण्यांपुढे ब्रँडी आणि सिगार घेऊन ती फिरायची, आणि डब्यातली सुरई उचलली की जागच्या जागी थांबायची. तिलाही टायर नाही, हवा नाही. पण एका सुरईत किती फेऱ्या देते, हे काकांनी तिथल्या गाइडला विचारलंच.

असो. आम्ही फुकट हवेच्या शोधात निघालो.

पेट्रोल पंपावर हवा फुकट असते, फक्त ती असते तेव्हा आपण तिथे नसतो. आपण असतो तेव्हा मशीन बिघडलेलं असतं. मशीन चालू असलं तर लाइट गेलेली असते. दोन्ही जमून आलं तर "लौंडा खाना खाने गया है." हा मुलगा सकाळी साडेसातलाही जेवायला गेलेला असतो आणि संध्याकाळी सहालाही. एवढं जेवूनही तो सापडतो तेव्हा काडीपहिलवान का दिसतो, हे न उलगडणारं कोडं आहे. शेवटी एका पंपावर तो सापडला. त्याने गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कित्ती डार दें?"

"तुम्ही किती टाकता?"

"आप बोलो."

"नाही, योग्य किती?"

तो पाइप हातात धरून क्षणभर स्तब्ध झाला. असा प्रश्न त्याला आयुष्यात कुणी विचारला नसावा. "योग्य तो अंकल, जित्ती आप बोलोगे उत्ती ही है."

लोकशाहीची इतकी सुटसुटीत व्याख्या मी दुसरीकडे ऐकलेली नाही.

पहिला मान ओव्हरसियर साहेबांना मिळाला. शेजार सांभाळायचा तर चव्वेचाळीसला पर्याय नव्हता. टायर टणक झाले. बोट मारलं तर बोट दुखायचं. भादव्यातले दिवस, दौलतगंजात आत्याकडे गौरीचं जेवण, आणि हिच्या मांडीवर बासुंदीचं पातेलं. फाळके बाजारापर्यंत आम्ही सुखरूप आलो. तिथून पुढे रस्त्यातला प्रत्येक खडा आपली स्वतंत्र ओळख करून देऊ लागला. स्पीडब्रेकरवर गाडी चढली ती चाकांवर, उतरली ती नुसत्या आवाजावर. माझी बत्तिशी एकमेकांवर आपटली आणि जीभ मध्ये सापडली. काका मागच्या सीटवरून छताला डोकं लावून म्हणाले, "पण पळतेय कशी बघ! पेट्रोल वाचतंय." बासुंदी तोवर गिअरपर्यंत आली होती. इंदरगंजच्या चौकात पाऊस पडून गेलेला, पुढे म्हैस आडवी. मी ब्रेक दाबला. गाडीने तो ऐकला, पण मनावर घेतला नाही. घसरत घसरत ती म्हशीपासून वीतभर अंतरावर थांबली. म्हशीने वळून माझ्याकडे पाहिलं. तिलाही एक आकडा सुचवायचा होता, असं मला वाटून गेलं.

भाचा इथल्या माधव इन्स्टिट्यूटमध्ये इंजिनिअरिंगला आहे. त्याने टायर पाहिला आणि कपाळाला हात लावला. "मामा, टायरवरचे चव्वेचाळीस म्हणजे टायर जास्तीत जास्त किती सोसेल ते. एवढी भरा असं नाही म्हटलंय. लिफ्टमध्ये 'आठ व्यक्ती' लिहिलेलं असतं, म्हणून आपण तिघं असलो तर आणखी पाच जण रस्त्यावरून धरून आणतो का?" हवा जास्त झाली की टायरची मधली पट्टीच तेवढी रस्त्याला टेकते, पकड सुटते आणि मधली नक्षी आधी झिजते, हेही त्याने सांगितलं. टायर चार हजारांचा आणि वाचलेलं पेट्रोल चमचाभर.

मग अर्थातच काकांची पाळी. दिल्लीला लग्न होतं. काकांनी स्वतः उभं राहून अठ्ठावीस करवून घेतली. गाडीत पाच माणसं, मागे आहेराच्या पिशव्या, गजकचे डबे आणि वरमाईला द्यायचं भलंमोठं पातेलं. आग्र्याहून पुढे यमुना एक्स्प्रेस-वे. २०१२ साली सुरू झालेला, १६५ किलोमीटरचा, सरळ, सिमेंटचा. तिथे टायर फुटण्याच्या बातम्या आपण सगळेच वाचतो आणि त्या दुसऱ्यांच्या टायरच्या आहेत म्हणून पान उलटतो. मध्ये चहाला थांबलो. काकांनी आधी टायरला लाथ मारली. टायरला लाथ मारल्याने नेमकं काय कळतं हे मला समजलेलं नाही, पण आपल्याकडे ती मारल्याशिवाय प्रवास पुढे जात नाही. मग त्यांनी तळहात लावला आणि झटकन मागे घेतला.

"ताप आहे रे! बघ, मी म्हटलं होतं. उन्हाने फुगलीय. सोड थोडी हवा."

"आजोबा, हात नका लावू!" भाचा ओरडला. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेरीला दबते, दुमडते, आणि त्या दुमडण्यानेच तापते. वरून ओझं आणि वेग. टायर फुटतो तो बहुतेक वेळा अशा कमी हवेने. आणि ही चालून तापलेल्या टायरची हवा. ती सोडली तर थंड झाल्यावर आणखी खाली जाणार.

"म्हणजे तापलाय म्हणून भरायची?" काकांनी विचारलं. "ताप आलेल्याला जेवायला घालणारा पहिला वैद्य बघितला."

सावधगिरी म्हणून स्टेपनी पाहावी असं ठरलं. त्यासाठी आहेर, गजक आणि पातेलं असं सगळं रस्त्याकडेला मांडावं लागलं. दोन गाड्या थांबून भाव विचारून गेल्या. सामानाच्या तळातून स्टेपनी निघाली, ती पार बसलेली. गाडी मेळ्यातून आली त्या दिवसापासून तिच्याकडे कुणी पाहिलंच नव्हतं. कुटुंबात एक माणूस असं असतंच, वेळेला उपयोगी पडेल म्हणून ठेवलेलं आणि वेळ येईपर्यंत कुणी न विचारलेलं. पुढचा रस्ता आम्ही इतक्या हळू कापला की त्या फेरीत गाडीने आजवरचं सर्वांत चांगलं ॲव्हरेज दिलं. श्रेय काकांनी अठ्ठाविसाला दिलं.

मी ठरवलं, आता स्वतःचं मोजायचं यंत्र घ्यायचं. आधी एक पेनासारखं घेतलं. व्हॉल्व्हवर दाबलं की मागून पांढरी दांडी बाहेर येते. ती एकतीस दाखवायची. पंचरवाल्याच्या मीटरची काच तेलाने धुरकटलेली, त्यावर इन्सुलेशन टेपची पट्टी, आणि पाइप कशालाही न लावता त्याचा काटा आठावर. "वो आठ तो सुरू से हैं," तो म्हणाला. त्याच्या हिशोबात आठ वजा करायचे की नाही, हे गिऱ्हाइकाचा चेहरा बघून ठरायचं. पंपावरचं मशीन आकडे लाल दिव्यात दाखवायचं, चौतीस. मग मी सिगारेट लायटरला लावायचा छोटा पंप घेतला, आकडे दाखवणारा. एकाच टायरबद्दल आता चार मतं झाली, आणि त्यांतलं एकही माणसाचं नव्हतं. मोजण्याच्या नादात व्हॉल्व्हच्या काळ्या टोप्या एकेक करून नाल्यात गेल्या. बरं, प्रत्येक मोजणीला फुस्स करून थोडी हवा जातेच. मी इतक्या निष्ठेने मोजायचो की हवा कमी होण्याचं मुख्य कारण मीच झालो होतो.

टोप्या घ्यायला गेलो तर दुकानदाराने हिरव्या दाखवल्या. "इसके साथ नाइट्रोजन डलवा लो. गाड़ी मक्खन चलेगी. पैसे लगेंगे."

"हवेत अठ्ठ्याहत्तर टक्के नाइट्रोजनच असतो," मी भाच्याचं ज्ञान पुढे केलं. "मग पैसे बाकीच्या बावीस टक्क्यांचेच घ्या."

तो शांतपणे म्हणाला, "ठीक है. तो अठहत्तर आप घर से ले आओ."

पुण्याच्या मेहुण्याचा अधूनमधून फोन यायचा. "किती देते रे आता?"

"पंधरा."

"शक्यच नाही. कागदावर बावीस आहे. आमच्या इथल्या एआरएआयने प्रमाणित केलेलं आहे." ही संस्था १९६६ पासून पुण्यात आहे, आणि तिचा आकडा खरा असतो याबद्दल माझ्याही मनात शंका नाही. तिथे गाडी बंद खोलीत रोलरवर चढवतात. चाकं फिरतात, गाडी जागच्या जागी. समोर वरात नाही, म्हैस नाही, महाराज बाड्यावर उलट्या दिशेने येणारी ई-रिक्षा नाही, मागच्या सीटवर काका नाहीत. गाडी घरातून बाहेर काढली नाही तर ती पुष्कळ देते. पुणेकरांना हे आपल्या आधी कळलं.

मग मी हिशोबाला बसलो. अमेरिकेचं ऊर्जा खातं सांगतं की चारी टायरांत एक पॉइंट हवा कमी असेल तर मायलेज ०.२ टक्क्याने घटतं. आमची गाडी महिन्याला सहाशे किलोमीटर फिरते असं धरा. पंधराच्या ॲव्हरेजने चाळीस लिटर, १०७ चा भाव धरला तर ४,२८० रुपये. चार पॉइंट कमी असलेली हवा भरून काढली तर वाचणार त्याचे ०.८ टक्के, म्हणजे चौतीस रुपये. महिन्याला.

मी तो कागद घरात फिरवला. हिने वाचला आणि विचारलं, "आणि तो लायटरचा पंप कितीचा?"

"अडीच हजाराचा."

"म्हणजे सहा वर्षांनी फायद्यात याल."

काकांना अमेरिकेचा आकडा मान्य नव्हता. "तिकडची हवा वेगळी. इकडची धुळीने जड." आणि चौतीस रुपयांना ते कमी लेखत नव्हते. बँकेचं व्याज न मागता खात्यात पडतं, म्हणून त्याचं सुख नाही. हे चौतीस रुपये म्हशीपासून वाचून, बासुंदी सांडून, नाल्यात हात घालून मिळवलेले. त्यांत दर महिन्याला दोन प्लेट कचोरी येते, आणि स्वकष्टाच्या कचोरीला चव वेगळी.

भाच्याने त्यातही पाचर मारून ठेवली. तापमान साडेपाच-सहा अंशांनी बदललं की टायरमधला दाब एक पॉइंट हलतो. जानेवारीत धुक्यातल्या पहाटे पाच अंशांवर तीस भरलेली हवा, मेच्या दुपारी कुणी हात न लावता छत्तीसवर जाते. उलट टायर आपणहून महिन्याला साधारण एक पॉइंट हवा गमावतोही. काकांनी ते लक्षपूर्वक ऐकलं. "म्हणजे वर जाते ती वर जाते, खाली येते ती खाली येते. देव सांभाळतो. आपण कशाला लुडबुडा?"

उत्तर शेवटी हिला सापडलं. उतरताना तिचा पदर ड्रायव्हरच्या दारात अडकला. तो सोडवायला ती वाकली, तर दाराच्या आतल्या खांबावर मेळ्याच्या विक्रेत्याने लावलेल्या जाहिरातीच्या कागदाखाली एक पांढरा चौकोन. तिने नखाने कागद सोलला. टायरचं छोटं चित्र, दोन रकाने. नेहमीच्या ओझ्याला पुढे-मागे ३३. गाडी भरलेली असताना मागे ३६. आणि गाडी चालवण्याआधी, टायर थंड असताना मोजा. संपलं. गाडी ज्यांनी बनवली त्यांनीच लिहून ठेवलेलं. आम्ही रोज त्याला पाठ घासून आत बसत होतो.

घरात शोककळा पसरली. इतक्या सोप्या उत्तराची कुणाचीच तयारी नव्हती. ओव्हरसियर साहेबांनी तो चौकोन वाचला आणि म्हणाले, "कंपनी तो लिखेगी ही. उसको कौन-सा अपनी जेब से पेट्रोल डलवाना है?" मेहुणा फोनवर म्हणाला, "मी छत्तीस म्हणालो होतोच." मागच्या सीटवर बसून, सामानासकट म्हणाला होता, हे त्याने आता जोडलं. काकांनी खिशातून पेन काढलं आणि ३३ च्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलं, "उन्हाळ्यात २८". भाच्याने ते थुंकी लावून पुसलं. तेव्हापासून आजोबा-नातवात छत्तीसचा आकडा आहे.

मी मात्र बदललो. आता मी महिन्याच्या एका सकाळी, ऊन चढण्याआधी, टायर थंड असताना तेहतीस करून घेतो. स्टेपनीसुद्धा. मोजणी झाली की पंचरवाल्याच्या बाकावर जरा बसतो, कारण ज्ञान मिळाल्यावर ते वाटल्याशिवाय माणसाला चैन पडत नाही. परवा एक पोरगा हवा भरायला थांबला. गिऱ्हाईक चांगलं होतं, नम्र. मी त्याला ऊर्जा खात्याचं ०.२ सांगितलं, चाळीस लिटर सांगितले, महिन्याचे चौतीस रुपये बोटांवर मोजून दाखवले. झाशीचा भावही सांगितला. तो मान हलवत सगळं ऐकत राहिला.

"समझे? पेट्रोल इस तरह बचता है."

"समझ गए बाबूजी," तो अदबीने म्हणाला. "पर हमाई तो ई-रिक्शा है. बैटरी की."

मी त्याच्या तीन चाकांकडे एकदा नीट पाहिलं, एकाला हलकीशी लाथ मारली आणि म्हणालो, "फिर चौंतीस डलवा लो."